पौष वद्य चतुर्थीचं पत्र

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा मशीनला कागद लावला, दोनदा ओढून काढला. ह्यातली चूक माझी आहे, आणि आपली चूक आपणच दोन बोटांनी टाईप करत बसायचं हे जरा जास्तच वाटतं. पण डोक्यात ठेवून ठेवून सगळं उलटसुलट व्हायला लागलंय. आधी काय झालं, मागून काय झालं, मलाच कळंना. म्हणून लिहितो. साहेब जेवायला गेले की तेवढ्यात जमंल तेवढं.

माझं नाव पुंडलिक. दौलताबादच्या पुढं रस्त्याचं दुष्काळी काम चालू आहे, तिथं मी हजेरीचा कारकून. मॅट्रिकला दोनदा बसलो, दोनदा इंग्रजीत गेलो. टायपिंग बघून बघून शिकलो, कोणी शिकवलं नाही. राहतो औरंगाबादला, उस्मानपुऱ्यात. अनंतराव म्हणून एक रिटायर हेडक्लार्क आहेत, त्यांच्या मागच्या खोलीत. सकाळी सायकलवर कामावर, संध्याकाळी परत.

बद्रीनाथ आणि मी एका गावचे, एका बाकावरचे. कडूबाई पण आमच्याच वर्गात, तिसरीपर्यंत. मग तिला शाळेतून काढलं. तिच्या आधीची तीन लेकरं जगली नव्हती, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं, देवाला गोड लागू नये म्हणून. बद्री मिल्ट्रीत गेला, दोन वर्षांनी सुट्टीवर आला आणि दोघांची सुपारी फुटली. लग्न पुढच्या सुट्टीत ठरलं.

सुपारी फुटली तरी पोरानं पोरीला पत्र लिहायचं नसतं आमच्याकडं. त्यात तिचा बाप अप्पाराव असा, की नुसता पोस्टमन दारात दिसला तरी काठी घेऊन उठंल. म्हणून बद्रीची पत्रं माझ्या उस्मानपुऱ्याच्या पत्त्यावर यायची. विहिरी आटल्यापासून अर्धं गाव आमच्या कामावर खडी फोडतंय, कडू पण तिथंच. दुपारच्या सुट्टीत मी तिला पत्र वाचून दाखवायचो. तिसरीतलं तिला अक्षर लागतं, पण जोडाक्षर आलं की अडकते. लोकांसमोर ती मला दादा म्हणते. कोणी नसलं की पुंड्या.

बद्री निघाला तेव्हा तिनं त्याला एकच गोष्ट सांगितली होती, माझ्यासमोर.

"तारीख टाकू नको. मला त्यातलं काय कळत नाय. तिथी टाक. म्हंजी तू लिवलं त्या दिशी मी काय करत व्हते ते मला आठवंल."

बद्री म्हणाला, "पलटणीत तिथी कोण सांगंल मला?"

"इचार कुणाला तरी. एवढी बंदूक देतेत, पंचांग नाय देत व्हय?"

तर त्यानं विचारलं. प्रत्येक पत्रावर तिथी. कोजागिरीच्या आधी एक आलं, दिवाळीनंतर एक, मग कार्तिकी एकादशीचं एक. ते तिसरं मला पाठच झालंय.

"इथं कॅनॉल आहे. आम्ही त्याच्या काठाला खड्ड्यात झोपतो. एवढं पाणी वाहून जाताना बघितलं की मला राग येतो. एक घागर भरायला तुला किती चालावं लागतं ते मी इथल्या पोरांना सांगितलं, तर ते म्हणाले तुमच्याकडच्या बाया उगाच फिरायला जातात. जागेचं नाव लिहिता येत नाही. आमची पत्रं साहेब वाचतात. साहेबांना मराठी येत नाही म्हणून सातारकडचे एक सुभेदार वाचून त्यांना सांगतात. म्हणून जास्त लिहीत नाही, तू समजून घे. सुभेदारसाहेब, तुम्ही पण समजून घ्या."

कडू हसली. "मला लिवलंय का सुभेदाराला?"

मग लढाई लागली. पेपर, रेडिओ, शहरात दिव्यांना काळे कागद. चौदा दिवसांत संपली पण. आपण जिंकलो म्हणून उस्मानपुऱ्यात पेढे वाटले, मीही खाल्ला. दुसऱ्या दिवशी गावात तार आली.

तार बद्रीच्या आईला, चतुराबाई मावशीला. इंग्रजीत होती म्हणून मला बोलावलं. दहा डिसेंबरपासून बेपत्ता, बहुतेक मारला गेला. हे ‘बहुतेक’ मी मावशीला तीनदा समजावून सांगितलं. दहावा करायचा का नाही ह्याच्यावर गाव आठ दिवस भांडलं. शेवटी मावशीच म्हणाली, "बहुतेकचा दहावा करत नसतेत."

अप्पाराव मात्र थांबणारातला नाही. संक्रांत व्हायच्या आत त्यानं कडूसाठी दुसरी जागा बघितली. औरंगाबादला स्टेशनजवळच्या कारखान्यात पोरगा परमनंट, बापाचं नाव नानासाहेब, मूळचे शेतकरीच, आता शहरात दोन खोल्या. आणि घरात नळ. अप्पाराव सगळ्यांना आधी नळ सांगायचा, मग पोराचं नाव.

"नळ हाय घरात. पोरगी उठली की चावी फिरवायची."

कडू काही बोलली नाही. माझी आई म्हणाली, बोलून तरी काय करंल, दुष्काळात कोण कुणाची वाट बघतं.

आणि जानेवारी संपता संपता माझ्या पत्त्यावर बद्रीचं पत्र आलं.

मी दारातच बसलो. अक्षर त्याचंच. शिक्क्याची शाई पसरलेली, आकडा काही लागत नव्हता. आत वर लिहिलेलं, पौष वद्य चतुर्थी.

"पंडितजींना विचारून तिथी लिहितोय. कडू, आज तुझा उपास असेल. चंद्र निघेपर्यंत मी पण काही खाल्लं नाही. उपास नव्हता, लंगरची गाडी उशिरा आली. काल रात्री लई आवाज होता, आज सगळं गप आहे. गप असलं की कान जास्त दुखतात. सुट्टीचं नाव काढलं की साहेब हसतात. शेळीला दोन करडं झाली असं पुंड्यानं कळवलं. एकाला पण माझं नाव देऊ नको, लोक कापून खातील."

अनंतरावांच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. बघितलं. पौष वद्य चतुर्थी, जानेवारीचा पहिला आठवडा. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बोट ठेवून बघितलं. दहा डिसेंबरला बेपत्ता झालेला माणूस जानेवारीत पत्र लिहितो. सगळं गप आहे म्हणतो. बरोबरच आहे, लढाई संपलेली. रात्रीचा आवाज सरावाचा असंल. म्हणजे तार चुकली. म्हणजे जिवंत आहे.

त्या दिवशी दौलताबादचा चढ मी सायकलवरून न उतरता चढलो.

कडूला वाचून दाखवलं. ती हातोडा खाली ठेवून बसली, पत्र हातात घेतलं आणि म्हणाली, "तिथी कुठं हाय, दाव." मी दाखवलं. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं.

"पौषातली चतुर्थी. त्या दिशी मी खालच्या विहिरीवर भांडत व्हते. माझा नंबर असून मला मागं ढकललं. भांडले, लई भांडले. आन् हा तिकडं गाडीची वाट बघत बसला व्हता."

मग ती रडली, आणि मी इकडं तिकडं बघत बसलो.

मावशीनं गूळ वाटला. अप्पारावला मी स्वतः जाऊन सांगितलं, कॅलेंडर सोबत नेलं होतं. त्यानं ते हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"वाचणारा तूच हायस ना, शिकल्याला?"

"व्हय अप्पा."

"मग खरं असंल. जित्या माणसाची सुपारी मोडली तर गावात तोंड कसं दाखवू मी? नानासाहेबाला नाय म्हणून सांगतो."

नानासाहेबांचा निरोप आला, की असं निरोपावर तोडू नका, शिवरात्र झाली की पुढच्या रविवारी स्वतः येतो, समोरासमोर काय ते बोला.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. आता गुंता.

कामावर रोलर आहे, त्याचा ड्रायव्हर तिवारी, यूपीचा. खडीवर मारायला पाणी नाही म्हणून रोलर आठवडाभर उभा होता, तिवारी त्याच्या सावलीत आडवा. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी हजेरी घेऊन तिथं टेकलो.

तो म्हणाला, "कल उपवास है, पुंडलिक बाबू. फागुन की शिवरात."

"फाल्गुन कुठला? माघ चालू है."

"माघ तो पूनम को खतम हो गया."

"महिना पुनवेला कसा खतम होईल? अमावसेला होता है."

"तुम्हारे यहाँ होता होगा. हमारे यहाँ पूनम को होता है."

मी हसलो. म्हणालो तुमचं उलटंच असतं. तो म्हणाला उलटं तुमचं आहे. आणि मग एकदम मला पत्रावरची तिथी आठवली. मी विचारलं, "तिवारी, पूस की चौथ, कृष्णपक्ष की, कब थी?"

त्यानं बोटं मोजली. "दिसंबर में. पाँच-छे तारीख होगी. लड़ाई चालू थी ना तब."

मी उठलो, परत बसलो.

घरी येऊन अनंतरावांना विचारलं. त्यांनी पंचांग काढलं, चष्मा पुसला.

"खरं आहे त्याचं. आपला महिना अमावस्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. चांदणं वाढतं तोवर दोघांचं महिन्याचं नाव एकच असतं. चांदणं घटायला लागलं की ते आपल्या एक महिना पुढं. आपला मार्गशीर्ष वद्य तो त्यांचा पौष."

आधीची तिन्ही पत्रं वाढत्या चांदण्यातली. म्हणून कधी फरक कळलाच नाही.

"म्हणजे पत्र डिसेंबरचं," मी म्हणालो. "तारेच्या आधीचं. दहा तारखेच्या पण आधीचं."

"असं कुठं म्हणालो मी?" अनंतरावांनी पंचांग मिटलं. "त्या पलटणीतला पंडित कुठला, तुम्हाला माहीत आहे? काशीचा असेल तर डिसेंबर. सातारचा सुभेदार आहे म्हणता, मग पंडितही इकडचा असू शकतो. तर जानेवारी."

"मग खरं कोणतं?"

"पुंडलिकराव, मी हेडक्लार्क होतो. ज्योतिषी नव्हतो."

पंडितजी. बद्रीनं ‘पंडितजी’ लिहिलंय. आपल्याकडचा असता तर त्यानं गुरुजी लिहिलं असतं, भटजी लिहिलं असतं. का पलटणीत सगळेच पंडितजी म्हणतात? मला काय माहीत. मी बेळगावच्या पुढं काही बघितलेलं नाही, आणि बेळगाव पण, तिथं बद्रीचं ट्रेनिंग झालं म्हणून, त्याच्याच तोंडून ऐकलेलं.

साहेब आले होते. आता गेले. पुढं लिहितो.

एक गोष्ट लिहायची का नाही कळत नाही. लिहितोच. तिवारीनं डिसेंबर म्हणलं तेव्हा मी हादरलो हे खरं. पण त्याच्या मागून, एवढासा, काहीतरी हलकं पण वाटलं. कशाचं ते मी शोधलं नाही. चार महिने मी त्याची पत्रं माझ्या आवाजात तिला वाचत होतो. कडू, तुझी आठवण येते, हे तिनं माझ्या तोंडून ऐकलंय. बद्री माझा दोस्त आहे. तो जिवंत असावा असं मला मनापासून वाटतं. दोन्ही खरं आहे. ते जाऊ द्या.

सहा दिवस मी गप बसलो. सांगितलं तर तिची आस जाते, अप्पाराव नळाच्या घरात देऊन मोकळा होतो, आणि उद्या बद्री दारात उभा राहिला तर मी काय तोंड दाखवू? नाही सांगितलं तर ती माझ्या चुकीच्या मोजणीवर चालून आलेलं घर घालवून बसते, आणि तिकडं बद्री कधीचाच… हे असं फिरत राहायचं. हजेरीवर दोन नावं दोनदा घातली त्या आठवड्यात.

शनिवारी सांगितलं. दुसऱ्या दिवशी नानासाहेब येणार होते.

ती खडीच्या ढिगापाशी बसलेली, बाकीच्या बाया झाडाखाली भाकरी खात होत्या. मी पुनव-अमावास्या सगळं सांगितलं. ती फोडत राहिली. सांगून झालं तरी फोडत राहिली.

मग म्हणाली, "म्हंजी लिवलं तवा जिता व्हता."

"व्हय."

"ते तर आधी बी ठावं व्हतं. आता?"

"आता ठावं नाय."

"तू तर म्हणलास आता जिता हाय."

"चुकलो कडू."

"मावशीनं गूळ वाटला, पुंड्या. घरात वाटीभर बी नव्हता, मागून आणून वाटला." तिनं हातोडा टाकला. "कधी कळलं तुला?"

"शिवरात्रीच्या आदल्या दिवशी."

"आन् आज सांगतूस? रोज माझी हजेरी मांडतूस, रोज तोंड बघतूस माझं! भ्या वाटलं का?"

"व्हय."

"कशाचं?"

मी ढिगातला एक दगड उचलला, परत ठेवला. तिनं माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ, आणि मग मान दुसरीकडं फिरवली. कळलं असंल का तिला, मला माहीत नाही.

"मग मार्गशीर्षातल्या चतुर्थीला मी काय करत व्हते?" ती म्हणाली.

"मला कसं ठावं?"

"तुला नाय इचारत." ती कपाळाला हात लावून बसली. "विहिरीवरचं भांडण झालं ती दुसरीच चतुर्थी. ह्या चतुर्थीला… उपास केला, ते तर दर म्हयन्यालाच. कामावर आले आसन. का घरी व्हते? काय बी आठवत नाय. एक गोष्ट आठवत नाय त्या दिसाची."

ह्याच्यावर ती पत्र ऐकताना रडली नव्हती एवढी रडली. बाया उठून यायला लागल्या. मी दादा झालो आणि म्हणालो, डोळ्यात खडा गेला वाटतं.

जाताना ती म्हणाली, "बापाला मी सांगते. तू नको सांगू. तुझं त्यो लगीच खरं मानतो."

रविवारी मला बोलावणं आलंच. नानासाहेब ओट्यावर बसलेले, टोपी मांडीवर. अप्पाराव मला बघून उठला.

"ये. ये शिकल्याला! पोरीनं सांगितलं सगळं. तुझ्या त्या क्यालेंडरवर मी ह्या माणसाला नाय म्हणायला निघालो व्हतो."

मी ओट्याच्या खालीच उभा राहिलो.

नानासाहेब तसे शांत. म्हणाले, "झालं ते झालं. आता एक काय ते सांगा. त्यो पोरगा हाय का नाय?"

अप्पाराव माझ्याकडं बघायला लागला, मी दाराकडं. आणि दारातून कडू म्हणाली, "ठावं नाय."

"तू आत हो," अप्पाराव म्हणाला.

"जाते. ठावं नाय, तेवढंच खरं हाय. दादानं हाय म्हणून सांगितलं ते बी खोटं, आन् तुमी नाय धरून चाललात ते बी खोटं. दादा मिल्ट्रीच्या हापिसाला पत्र लिवणार हाय. औंदा चैतानंतर धोंड्याचा म्हयना हाय, त्यात लगीन नसतंच. धोंडा सरंस्तवर मला थांबू द्या. तवर कागद आला तर आला. नाय आला तर तुमी म्हणताल तिथं उभी राहते."

मी पत्र लिहिणार आहे हे मलाच तेव्हा कळलं.

नानासाहेब टोपी फिरवत बसले. "पोरगी बोलती की ओ, अप्पाराव."

"दुष्काळानं बोलाय लागली," अप्पाराव म्हणाला.

"बोलंना का. आमच्या घरात सगळे गपच हायेत, पोरगा तर लईच गप हाय." ते उठले. "घरी इचारतो. थांबायचं म्हणले तर थांबू. नाय म्हणले तर मग आमची बोलणी दुसरीकडं. राग धरू नका."

गेले. थांबतात का नाही ते आज लिहीपर्यंत कळलेलं नाही. अप्पाराव कडूशी बोलत नाही. चतुराबाई मावशीला कडूनंच जाऊन सांगितलं. मावशी म्हणाली, मग अजून बहुतेकच का, आणि चुलीपुढं जाऊन बसली.

सोमवारी मी इंग्रजी मशीनवर पत्र टाईप केलं. तारेवर रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता होता, त्या पत्त्यावर. ज्या विषयात दोनदा गेलो त्याच विषयात. अनंतरावांनी चार चुका काढल्या, पाचवी मला सापडली. बद्रीचा नंबर टाकला, दहा डिसेंबर टाकलं, त्या पत्राची तिथी टाकली आणि विचारलं की तुमचे पंडितजी कुठले. हे विचारायचं का असं अनंतरावांनी विचारलं. मी राहू दिलं. खाली चतुराबाई मावशीचा अंगठा घेतला, कारण मी कोण लागतो म्हणून मला उत्तर देतील? उत्तराचा पत्ता माझाच टाकला. लोक म्हणतात तिकडं कैदी पकडलेले पण आहेत, यादी यायची आहे. कोणी म्हणतं आली. रेडिओवर मी तरी ऐकलं नाही.

रजिस्टर करून पावती कामावर नेली आणि कडूला दिली. तिनं ती बघितली, घडी करून पदराला बांधली.

"उत्तर किती दिसात येतं?"

"सांगता येत नाय."

"बरं झालं, एवढं तरी सांगता येत नाय म्हणलास." मग म्हणाली, "पुंड्या, कागद आला की उस्मानपुऱ्यात बसून फोडायचा नाय. तसाच घिऊन यायचा. माझ्यासमोर फोडायचा. आधी मला, मग मावशीला, मग बाप. आन् वाचताना माझ्या तोंडाकडं बघायचं नाय. चांगलं का वाईट ते बी सांगायचं नाय. जेवढं लिवलंय तेवढं वाचायचं."

"इंग्रजीत असंल."

"मग जेवढं कळंल तेवढं सांग. जे कळणार नाय ते कळलं नाय म्हण. तेवढा शब्द दे."

मी म्हणालो, दिला. न फोडता आणीन. तुझ्यासमोर फोडीन. जे कळणार नाय ते कळलं नाय म्हणीन.